वाचकांचे प्रश्न : येरवड्याला पाठवलेल्या आजीचा माग

प्रश्न : माझ्या आजोबांच्या थोरल्या बहिणीला 1936 च्या सुमारास सासरच्यांनी येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. सासर सातारा जिल्ह्यातले होते. त्यानंतर घरात तिचे नाव कुणी काढले नाही. गावच्या कोतवाल बुकात तिच्या मृत्यूची नोंद सापडत नाही. तिचे पुढे काय झाले, हे कागदपत्रांतून कळेल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : कोतवाल बुकात नोंद नसावी यात नवल नाही. मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते. त्यामुळे त्या इस्पितळातच वारल्या असतील, तर आपण पुणे महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग आणि हवेली तहसील कार्यालय या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी. शोध मात्र माहेरच्या नावाने करू नये. विवाहित स्त्रीची नोंद 'अमुक कोम तमुक' ('कोम' म्हणजे पत्नी) अशी नवऱ्याच्या नावासह होत असे, आणि इंग्रजी नोंदवहीत त्याच नावाचे स्पेलिंग कारकुनागणिक बदलत असे.

नावाच्या मागे लागण्यापूर्वी, त्यांना दाखल करताना कोणते कागद तयार झाले असतील, याचा विचार करावा. त्या वेळी 1912 चा भारतीय वेड्यांसंबंधीचा कायदा लागू होता. त्यानुसार नवरा किंवा नातेवाईक दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करीत, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडीत आणि मग दाखल करून घेण्याचा हुकूम निघे. पोलिसांनी रस्त्यावरून नेलेल्या माणसाची वाट वेगळी होती. आपल्या आजीचे प्रकरण बहुधा पहिल्या प्रकारचे असावे. दंडाधिकाऱ्यांकडचे जुने दप्तर मुदतीनंतर नष्ट केले जात असल्याने तिथे फारशी आशा नाही. हुकूम मात्र रुग्णाबरोबर इस्पितळात जात असे, म्हणून पहिली चौकशी तिथेच करावी.

वैद्यकीय दाखला हाती आला तर सावकाश वाचावा. त्यात डॉक्टरांनी स्वतः पाहिलेली लक्षणे एका रकान्यात आणि इतरांनी सांगितलेली दुसऱ्या रकान्यात लिहिण्याची सक्ती होती. पहिल्या रकान्यात 'बोलत नाही' एवढेच असेल आणि दुसरा रकाना सासरच्यांच्या तक्रारींनी भरला असेल, तर आजार किती आणि घरची अडचण किती, याचा अंदाज बांधता येतो. सोबतच्या तपशीलपत्रात वय, धर्म, विवाहाची स्थिती, आजाराचे मानलेले कारण, किती दिवसांपासून आहे, आत्महत्येची प्रवृत्ती आहे का, कुटुंबात आणखी कुणाला असा आजार होता का, हे प्रश्न असत. ही माहितीही दुसऱ्यांनीच दिलेली असते, हे विसरू नये.

जमीनजुमल्याचा धागा स्वतंत्रपणे तपासावा, कारण मालमत्तेचे कागद सहसा माणसांच्या कागदांपेक्षा जास्त टिकतात. वेडसर ठरलेल्या व्यक्तीच्या मिळकतीची व्यवस्था जिल्हा न्यायालय चौकशीअंती दुसऱ्याकडे सोपवी, तेव्हा साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात तसा अर्ज झाला होता का, ते विचारावे. गावच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलांच्या नोंदवहीत, नवऱ्याच्या मृत्यूनंतरची वारस नोंद पाहावी. तिथे त्यांचे नाव आले असेल, तर निदान त्या तारखेला गाव त्यांना हयात समजत होते. वेडामुळे वारसा जाण्याची जुनी अट 1928 च्या कायद्याने, जन्मतः वेड असलेल्यांखेरीज इतरांसाठी, काढून टाकली होती. त्यामुळे नोंदीत त्यांचा उल्लेखच नसेल, तर कारण शोधायला हवे.

मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, तेव्हाच्या सरकारच्या सामान्य विभागाच्या दप्तरांत इस्पितळांचा पत्रव्यवहार मिळतो. पण तिथे एखाद्या रुग्णाचे नाव येते ते गुन्ह्याचे प्रकरण, परप्रांतातून बदली किंवा खर्चाचा वाद असेल तेव्हाच. इस्पितळांचे छापील अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आंतरजालावर मोफत ठेवले आहेत. त्यांत दाखल, सुटका व मृत्यू यांचे आकडे आहेत. आपल्या आजी तिथे नावाने भेटणार नाहीत, पण त्या कोणत्या परिस्थितीत राहिल्या असतील ते समजेल.

इस्पितळाकडे अर्ज केल्यावर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमातील गोपनीयतेचे कारण पुढे येण्याची शक्यता आहे. म्हणून अर्ज माहितीच्या अधिकाराखाली करावा आणि त्यात कलम 8(3) चा उल्लेख करावा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेविषयीची माहिती काही ठरावीक अपवाद वगळता द्यावी, असे ते कलम सांगते, आणि खासगीपणाची तरतूद त्या अपवादांत नाही. नातेसंबंधाची वंशावळ, नवऱ्याचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि 1934 ते 1938 असा थोडा सैल कालावधी अर्जात द्यावा. एकच साल दिले, तर त्या सालात नोंद नाही, एवढेच उत्तर येईल.