डॉक्टरकडे नेलं तर यांची पेन्शन बंद होईल का?

फौजी घरांतून हा प्रश्न मला सारखा येतो. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र, वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. निवृत्त जवानांची घरं नागपूरला नवी नाहीत. विचारायला येते ती बहुतेक वेळा बायको, आणि एकटीच. पुढची हकीकत अशाच एकीची, ओळख पटू नये इतपत बदललेली.

नवरा हवालदार होऊन निवृत्त झाला. काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सबरोबर राहून आलेला. चाळिशीतच घरी आला आणि स्वतःच्या लायसन्सच्या बंदुकीवर एका बँकेत गनमॅन म्हणून लागला.

"मॅडम, हे रात्री झोपूनच नाही राहिले. उठून उठून कडी पाहतात. लग्नात गेलो तर भिंतीला पाठ लावून बसतात. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत तर जातच नाहीत. सासूबाई म्हणतात, बाहेरचं लागलं असंल."

कॅन्टीनची रम आधी शनिवारी निघायची, आता रोज. एकदा झोपेत ओरडले म्हणून तिनं खांदा हलवला, तर त्यांनी तिचा हात असा पिरगाळला की पोळ्या लाटता येईनात. सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं.

पेन्शनचं उत्तर सोपं आहे. सेवेची पेन्शन नोकरीच्या वर्षांवर मिळते, निवृत्तीनंतर मानसोपचार घेतले म्हणून ती थांबत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतं. कार्ड नसलं तरी मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आहे, मिहानचं एम्स आहे, आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ज्याला ऑटोवाले अजून पागलखानाच म्हणतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे अपवाद सोडले तर डॉक्टर नोकरीच्या ठिकाणी काही कळवत नाहीत.

लायसन्सबद्दल मात्र मी तिला गोड बोलून पाठवलं नाही. त्यासाठी शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं, अडचण येऊ शकते.

मग मी विचारलं, बंदूक घरी कुठं असते? पलंगाखाली, काडतुसांसकट. मरणाचं काही बोलतात का?

ती थोडा वेळ गप्प बसली. "एकदा म्हणाले, मी गेलो तरी तुला फॅमिली पेन्शन मिळतेच."

इथून पुढे पेन्शनचा विषय मागे पडला. असं वाक्य ऐकलं की वाट पाहायची नसते. त्यांना थेट विचारा, असं मी तिला सांगितलं. विचारल्यानं मनात नसलेली गोष्ट येईल ही भीती फार जणांना असते, पण तसं होत नाही. उलट बोलायला जागा मिळते.

त्यांना आणायचं कसं? "डोक्याच्या डॉक्टरकडे चला" म्हटलं असतं तर ते आले नसते. गल्लीतले एक निवृत्त सुभेदार होते, हवालदार त्यांना साहेब म्हणत. साहेबांनीच बीपी आणि झोपेचं निमित्त काढून आणलं. मी विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? "वाटते कधी कधी." त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, आणि साहेबांनी सोबत जाऊन बंदूक लायसन्सधारक विक्रेत्याकडे जमा करवली.

नंतर मी नवराबायकोला एकत्र बसवून सांगितलं: पोस्टवर अर्धवट झोपणं, दाराकडे लक्ष ठेवणं यानंच तुम्ही जिवंत परत आलात. शरीराला अजून डिस्चार्ज बुक मिळालेलं नाही, एवढंच. हवालदार पहिल्यांदा हसले.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर दहाव्या दिवशी बंद होतात. पोस्टवरच्या त्या आठवणींवर बोलून करायचे उपचारही असतात, तेही सुरू झाले. रमनं झोप लागते, पण उत्तररात्री मोडते. मात्र रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीत कमी केली. तिला एकच पथ्य दिलं: झोपेत ओरडले तर हात लावायचा नाही, पायथ्याशी दूर उभं राहून नावानं हाक मारायची. नाव घ्यायचं म्हणून ती लाजली! शेवटी "हवालदार साहेब" वर तडजोड झाली. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फोन आहे, मोफत, मराठीतही.

गनमॅनची नोकरी गेली. आता ते एका गोदामात बिनबंदुकीचे पहारेकरी आहेत, पगार कमी. झोप सलग नाही, पण होते. बायकोचीही होते, आणि माझ्या मते तिची झोप हा अशा घरातला तितकाच मोठा प्रश्न असतो.

पोरगा अजून बापासमोर फारसा बोलत नाही. पुढच्या महिन्यात तोही भेटायला येतो म्हणाला आहे. अट एकच: बाबा सोबत नकोत.