नव्या घरासाठी पलंग-कपाट कुठून घ्यावं?

प्रश्न : खानापुरात नवं घर बांधलंय. पलंग, कपाट आणि स्वयंपाकघराचं फर्निचर घ्यायचंय. दीर म्हणतात, कोल्हापुरात स्वस्त पडेल. सासूबाई त्यांचा जुना सागवानी पलंग देतायत, पण मला नवा सेट हवाय. काय करू?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : ताई, पलंग आधी घरी आणा! जुनं सागवान तुमच्याकडच्या पावसाळ्याला पुरून उरतं. पॉलिश करून घ्या, गादी मात्र पलंगाचं माप घेऊनच शिवायला टाका. जुन्या पलंगांना तयार गाद्या बऱ्याचदा बसत नाहीत.

कोल्हापूरचं म्हणाल, तर २०१७ पासून जीएसटी कर्नाटक-महाराष्ट्र दोन्ही राज्यांत सारखाच आहे. कोल्हापूरच्या दरात टेम्पोभाडं मिळवून बघा. शिवाय बिजागरी निखळली तर तिथला सुतार खानापूरला येणार का? मी तरी बेळगावातच घेईन.

खरी काळजी स्वयंपाकघराची. तयार फर्निचर पुष्कळदा पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांचं असतं. सिंकखाली पाणी झिरपलं की ते फुगतं, आणि फुगलेलं परत बसत नाही. तिथे ‘आयएस ७१०’ या भारतीय मानकाच्या शिक्क्याचं, पाण्याला टिकणारं मरीन प्लायवूडच मागा. ‘आयएस ३०३’, म्हणजे सर्वसाधारण वापराचं प्लायवूड, बेडरूमच्या कपाटाला चालेल, पण तेही भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, मागून वारा खेळू दे. दुकानदार नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणाला तर बिलावर ग्रेड लिहून घ्या, लाजू नका.

आणि माठ-रांजण बाहेरून आणू नका हं. कुंभारकामासाठी नावाजलेली खानापूरची माती तुमच्या दारात आहे.