गावचा रस्ता खराब, रोजचं जाणं-येणं 62 किलोमीटर, घरात बोलेरो आहे. दुसरं वाहन कोणतं घ्यावं?

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गोदाकाठचं गाव, फाट्यापर्यंत 7 किलोमीटर उखडलेला रस्ता, तिथून परभणीपर्यंत 24 किलोमीटर डांबरी. बोलेरोचं डिझेल रोजच्या नोकरीला परवडत नाही, म्हणून छोटी कार, इलेक्ट्रिक स्कूटर की मोटारसायकल, असं तुम्ही विचारलंय.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे, म्हणजे जनावरांचे उपचार आणि लसीकरण करणारा. गेली 19 वर्षं याच भागात गावोगाव फिरतोय. गाडीला एका बाजूला कृत्रिम रेतनाच्या मात्रा ठेवायचा द्रव नत्राचा (लिक्विड नायट्रोजनचा) कॅन असतो, लसीकरणाच्या दिवसांत मागं बर्फाचा डबा. कॅनमधलं नत्र उणे 196 अंशांचं. कॅन सारखा आदळत राहिला तर त्याच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी बिघडते, नत्र उडून जातं आणि रेतमात्रा वाया जातात. त्यामुळं गाडी किती आदळते याकडं माझं लक्ष पहिल्यापासून आहे.

माझं मत असं: 100-110 सीसीची, जमिनीपासून उंच असलेली साधी मोटारसायकल घ्या. आणि ती निवडताना 24 किलोमीटर डांबरीचा विचार करू नका, त्या 7 किलोमीटरचा करा. डांबरीवर कोणतीही गाडी चालते.

आधी हिशेब बघू. महिन्याचे 25 दिवस धरले तर 1,550 किलोमीटर होतात. परभणीला पेट्रोल लांबून, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येतं, म्हणून ते राज्यात महागड्यांत असतं. लिटरला 106 रुपये धरतो. छोटी कार आपल्या रस्त्यावर 18 चं ऍव्हरेज देईल असं मानलं तर महिन्याला साधारण 9,130 रुपये. मोटारसायकल 60 ने 2,740 रुपये, 70 ने 2,350. म्हणजे कार आणि मोटारसायकलीत सहा हजारांहून जास्त फरक आहे, पण 60 आणि 70 मध्ये फक्त 390 रुपयांचा. शोरूमवाले याच 10 किलोमीटरच्या ऍव्हरेजवर तासभर बोलतात. एक कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) खराब झाला किंवा रिम वाकली की तीन-चार महिन्यांची ती बचत एका दिवसात जाते.

हे मी अनुभवाने शिकलो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एक देखणी 125 सीसीची गाडी घेतली. ऍव्हरेज चांगलं होतं, बसायला छान होती, पण इंजिनचं बूड खाली होतं. एका रात्री साडेदहाला फोन आला, म्हैस अडली होती. डांबरी सोडून चार किलोमीटर आत गेलो आणि चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर एका धोंड्याला इंजिन घासलं. ऑइलचा नट फुटला, सगळं ऑइल मातीत गेलं. गाडी तिथंच टाकून पिशवी खांद्यावर घेऊन चालत गेलो. पोहोचेपर्यंत वासरू मेलं होतं, म्हैस वाचली. त्या घरातल्या आजीनं मला आधी पाणी दिलं, मग रडल्या. तेव्हापासून गाडी बघायला गेलो की पहिल्यांदा खाली वाकून बघतो.

खालची उंची म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. बजाज प्लॅटिना 100 ची 200 मिलिमीटर आहे, टीव्हीएस रेडिऑनची 180, होंडा शाइन 100 ची 168 आणि हिरो स्प्लेंडर प्लसची 165. प्लॅटिना आणि स्प्लेंडरमधला 35 मिलिमीटरचा फरक कागदावर म्हणजे दोन बोटं. पण ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत ही दोन बोटंच कामाला येतात. नोव्हेंबरपासून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सुरू झाले की आपले गावरस्ते मार्चपर्यंत काय होतात, तुम्हाला सांगायला नको.

मी प्लॅटिना वापरतो. शॉकअप मऊ आहेत, सीट लांब आहे, 11 लिटरची टाकी आहे. डांबरीवर 68-70 मिळतं, पावसाळ्यात चिखलातून 55. तरी स्प्लेंडरच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. ती 1994 पासून बाजारात आहे आणि तिचा पार्ट मिळत नाही असं गाव मी पाहिलेलं नाही. चाकं 18 इंची आहेत आणि वजन 112 किलो, त्यामुळं चिखलात एकट्यानं ढकलता येते. तुमच्या फाट्यावरच्या मिस्त्रीला जाऊन विचारा, चेनकिट, क्लचप्लेट, ब्रेकशू कोणत्या गाडीचे दुकानात ठेवतो. त्याचं उत्तर स्प्लेंडर असेल तर स्प्लेंडर घ्या, आणि इंजिनखाली वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याचं गार्ड बसवून घ्या. ड्रेन नट झाकला जाईल, पण ऑइल काढायला भोक राहील, असं करायला सांगा.

आता काळ्या मातीचं. गोदाकाठची माती भारी आहे, पाणी प्याली की फुगते. पहिल्या दोन पावसांत ती टायरला चिकटते, टायरवरून मडगार्डमध्ये भरते आणि शंभर पावलांत पुढचं चाक जाम होतं. गाडी किती सीसीची आहे याला तिथं अर्थ नाही. गाडी घेतल्यावर मडगार्ड आणि टायरमध्ये तीन बोटं जागा राहील असं मडगार्ड वर घ्या. माझ्या डिकीत खुरपं कायम असतं. रिमझिम चालू असताना माती जास्त चिकटते. मोठा पाऊस पडून वाट धुवून निघाली की उलट बरं जातं.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल मन मोडायचं नाही, कारण चालवायला तिच्याइतकं स्वस्त काही नाही. घरच्या मीटरवर रोजचं जाणं-येणं दोन-अडीच युनिटांत होतं. अडचण चाकांची आहे. 12 इंची चाक खड्ड्यात पूर्ण उतरतं, 17-18 इंची चाक त्याच खड्ड्यावरून निघून जातं. उखडलेल्या खडीवर लहान चाक हातातून निसटतं, आणि संध्याकाळी दमून परत येताना हे जास्त होतं. तुमचे 7 किलोमीटर पक्के झाले तर दुसऱ्या दिवशी स्कूटर घ्या, मी स्वतः सांगेन.

बजाजची सीएनजीवाली फ्रीडम 125 जुलै 2024 मध्ये आली. सीटखाली 2 किलो गॅसची टाकी, शिवाय 2 लिटर पेट्रोल. कल्पना मला फार आवडली. पण गाडी दीडशे किलोच्या आसपास जाते आणि चिखलात तीस-पस्तीस किलो जास्त ढकलावे लागतात. गॅसपंप तुमच्या येण्या-जाण्याच्या वाटेवरच असेल तरच विचार करा. पंपासाठी गावात आत वळून रांगेत थांबावं लागलं तर ती बचत वेळेत जाते.

कारचं थोडक्यात: बोलेरो घरात आहे, दुसऱ्या कारची गरज नाही. ओढ्याच्या नळकांडी पुलावरून पाणी जात असतं ते वर्षातले दहा-पंधरा दिवस बोलेरोनं लांबच्या वाटेनं जा. पुलावर पाणी असताना मोटारसायकल घालू नका, गुडघ्याएवढं असलं तरी नाही. माझ्या ओळखीचा एक दूधवाला असाच गेला.

टायर ट्यूबलेस असलेले बरे. वेड्या बाभळीचा काटा घुसला तर हवा हळूहळू जाते, तुम्ही घरापर्यंत पोहोचता; ट्यूब असली तर जागेवर बसते. मात्र खड्ड्यात रिमची कड वाकली की ट्यूबलेसची हवा राहत नाही, म्हणून हवा आठवड्याला तपासा. कमी हवेवर खडीत गेलं की रिम वाकते, ऍव्हरेजही पडतं. एअर फिल्टर दिवाळीपासून जूनपर्यंत दर पंधरा दिवसांनी झटका. आपल्याकडच्या फुफाट्यात तो महिन्याभरात भरतो, मग गाडी पेट्रोल खाते आणि लोक कार्बोरेटरला दोष देतात.

जुनी गाडी घ्यायची झाली तर एप्रिल 2023 नंतरची बघा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, आणि त्या तारखेपासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी पाइप, वायसर त्याला टिकतील असे असतात. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलेलं ऍव्हरेज आज तेवढंच मिळेल असं धरू नका. जुन्या गाडीचं हँडल सोडून हळू चालवून बघा, एका बाजूला ओढत असेल तर घेऊ नका. पुढचं चाक उचलून हँडल फिरवा; मध्ये कुठं अडकलं तर कोनसेट गेलेला आहे.

बुकिंगच्या आधी एक काम करा. गावात कुणाकडं प्लॅटिना असेल, कुणाकडं स्प्लेंडर, त्यांची गाडी तासभर मागून घ्या. मागं माणूस बसवा, डबा-पिशवी जशी रोज असेल तशी लावा, आणि अंधार पडल्यावर फाट्यापासून गावापर्यंत या. दिव्याचा उजेड किती पडतो, खाली कुठं घासतं आणि कंबर कशी राहते, हे त्या सात किलोमीटरांतच कळेल. काय वाटलं ते इथं लिहा. ओढ्याच्या अलीकडं चढ असेल तर तेही सांगा, मग गिअरचं आणि चेनस्प्रॉकेटचं बोलू.