डिस्नेसारख्या स्टुडिओने स्वतःची स्ट्रीमिंग सेवा काढावी का?

काढावी, पण जुना माल कोठारभर असेल तरच. आणि पहिली काही वर्षं खिशातले पैसे घालायची तयारी हवी.

आमच्या बेळगावात कुंदा करणारा दुसऱ्याच्या काउंटरवर माल ठेवतो तेव्हा नफा कमी, पण डोक्याला ताप नाही. स्वतःचं दुकान टाकलं की भाडं, नोकर, लाईटबिल सगळं त्याच्याच गळ्यात. डिस्नेचं तेच झालं. नेटफ्लिक्सला आपले सिनेमे दाखवू द्यायचे, त्या परवान्याचे पैसे घरबसल्या मिळत होते. ते सोडून नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी डिस्ने प्लस काढलं, महिना ६.९९ डॉलरला. पहिल्याच दिवशी १ कोटी लोकांनी नाव नोंदवलं. तरी जुलै ते सप्टेंबर २०२२ या एका तिमाहीत स्ट्रीमिंगचा तोटा जवळपास १५० कोटी डॉलर! नफा दिसायला २०२४ उजाडलं.

मग टिकले कसे? खानापूरला बहिणीकडे गेलो की भाचा तोच कार्टून सिनेमा लावतो, संवाद पाठ झालेत तरी. संपला की, "मामा, परत लाव की!" मोठी माणसं मालिका संपली की सबस्क्रिप्शन बंद करतात; पोरं घरात असली की आईबाप ते सहसा बंद करत नाहीत. मुलांच्या मालाची खरी ताकद ही.

दहा-पंधरा सिनेमे असलेल्या छोट्या स्टुडिओने मात्र या फंदात पडू नये. हक्क स्वतःकडे ठेवून ठरावीक वर्षांसाठी दुसऱ्यांना द्यावेत. ॲप काय, कुणीही बनवून देईल हो, दर आठवड्याला त्यात नवीन काय घालणार?