चढावर हात नको

पोरी,

तुझा मेसेज वाचला. घाटातल्या सायकल शर्यतीचा स्टार्ट पुरुषांबरोबरच आहे, ग्रुपमधले दादा म्हणतायत, ‘घाटात आम्ही आहोत ना, तुला वर नेऊन सोडतो, बायकांच्या गटात एंट्र्या मोजक्याच, पोडियम, म्हणजे पहिल्या तिघींत नंबर, पक्कं.’ आणि तू विचारतेस, ताई, जाऊ का त्यांच्याबरोबर?

नाही.

सराव किती करायचा, आदल्या रात्री काय खायचं, हे तुला ठाऊक आहे. चढावर पाठीला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, एवढंच सांगायला बसलेय. रविवारच्या राइडला घाट लागला की कुणीतरी दादा मागून येतो, कंबरेच्या वर तळवा टेकवतो आणि गप्पा मारत मारत ढकलतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, वर मिसळीचे पैसेही तोच देतो. पण वर पोचल्यावर तुझे पाय किती चढले आणि त्याचे किती, हे तुला कधीच कळत नाही. रस्त्यावरच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एकाने दुसऱ्याला ढकलणं मना आहे. पाणी द्या, खाऊ द्या, पाना द्या, ते चालतं. आपल्याकडच्या हौशी शर्यतीत घाटात पंच उभा नसतो, म्हणून काय झालं?

आता दादांच्या मागे मागे राहण्याचं. सपाटीला ताशी पस्तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की हवा तो कापतो आणि तुझी बरीच ताकद वाचते. घाटात वेग दहा-बारावर येतो, तिथे हवेचा त्रास नाहीच म्हण, वजनच ओढायचं असतं. म्हणजे पुरुषाचं चाक तुला खरा फायदा देतं ते घाटाच्या आधीच्या सपाटीवर, आणि ते कुणाला दिसतही नाही. हाही हातच. बायकांच्या गटातल्या कुणाच्याही चाकाला खुशाल चिकट, तीच तर शर्यत आहे.

नियमात बसणाऱ्या मदतीची लाज नको. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत अमेरिका आडवी पार केली ती आळीपाळीने सायकल चालवत, मदतीची गाडी सोबत घेऊन. त्या शर्यतीच्या नियमांत ते बसतं.

आणि टोकियो ऑलिंपिकची ती आना कीझेनहोफर आठव. गणितात डॉक्टरेट केलेली ऑस्ट्रियाची बाई, तेव्हा कुठल्या व्यावसायिक संघात नाही, शर्यतीत स्वतःची एकही सहकारी नाही. १३७ किलोमीटरची डोंगराळ शर्यत. सुरुवातीलाच चौघींबरोबर पुढे निघाली, शेवटचे ४० किलोमीटर एकटीच, आणि सुवर्ण तिचंच. दुसरी आलेली नेदरलँड्सची व्हान व्ह्लुटन हात उंचावत आली, तिला वाटलं आपणच जिंकलो!

मला तिरसट म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. एका शर्यतीत माझ्या पुढच्या बाईला दोघांनी आळीपाळीने ढकलत नेलं. मी चौथी आले. तक्रार केली नाही, कारण हरल्यावर बोललं की रडकी ठरतो. ती सल आजही आहे. त्यानंतर ग्रुपमध्ये पाठीवर आलेला प्रत्येक हात मी झटकला आणि पुढे बरीच वर्षं त्र्यंबक रोडला एकटीच दिसायचे. पंक्चर काढायला सोबत कुणी नाही, थंडीत पहाटे बोलायला कुणी नाही. महागात पडलं, मान्य. पण नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा दहाएक किलोमीटरचा घाट मी जितक्यांदा चढले, तितक्यांदा मीच चढले. आता गुडघा ऐकत नाही, तरी हे कुणी काढून घेऊ शकत नाही. असू दे तिरसट.

एक गोष्ट मात्र रागावून सांगते. वाटेत बाथरूम नाही म्हणून तू पाणी कमी पितेस, मागच्या वेळी पोटऱ्यांत गोळे आले ते त्यामुळेही असतील. आयोजकांना आत्ताच फोन करून विचार, सोय कुठे कुठे आहे. संकोचाने विचारलं नाहीस तर घाटात परत गोळा येऊ शकतो, आणि मग दादाचा हात हवासा वाटणार. बहुतेकींचं तसंच होतं.

पहिल्या वळणाला सगळे पुढे जातील, जाऊ दे. आपल्या दमाने चढ. धाप लागून दोन शब्दही बोलता येईनात, तर गिअर हलका कर. कुणी हात पुढे केलाच तर ‘नको दादा’ म्हण, हसून म्हण, पण पहिल्यांदाच म्हण. एकदा चालवून घेतलंस की पुढच्या चढाला नाही म्हणणं जड जातं. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. माकडं अचानक आडवी येतात.

तुझ्या मागच्या चाकावरच्या कॅसेटचं, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचातलं, सर्वांत मोठं चक्र २८ दातांचं आहे, त्यावर तो चढ सीटवर बसून निघणार नाही. दुकानात जाऊन ३४ दातांचं बसवून घे, चेन आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) त्याला चालतो का तेही तिथेच बघून घे. पैसे कमी पडले तर सांग. ती मदत चालते.

तुझी,
ताई