मान-खांद्याचं जुनं दुखणं : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ मान किंवा खांदा दुखत राहिला की त्याला जुनाट दुखणं म्हणतात. आलेले बहुतेक प्रश्न अशाच दुखण्याचे आहेत. त्यांतला बराचसा घोळ एकाच गोष्टीतून होतो. एक्स-रे किंवा एमआरआयच्या फोटोत काय दिसलं यावर सगळं लक्ष जातं, आणि कोणत्या हालचालीने कुठे दुखतं हे कुणी नीट पाहतच नाही.

प्रश्न : वय ४२. सात महिन्यांपासून मान आणि उजव्या खांद्याचा वरचा भाग दुखतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी फुगली आहे, झीज आहे, असं लिहिलंय. तेव्हापासून मान वळवायचीही भीती वाटते. ही झीज भरून येते का?

उत्तर : झीज भरून येत नाही, पण दुखणं थांबायला ती भरून यावी लागतही नाही. मानेची काहीच तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय जपानमध्ये काढले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या तरुण-तरुणींमध्येसुद्धा चारांतल्या साधारण तिघांच्या! पाचवा, सहावा आणि सातवा मणका यांच्यामधल्या गाद्यांवर सर्वांत जास्त ताण येतो, म्हणून झीज तिथे आधी दिसते. केस पिकतात तसाच हा वयाचा भाग आहे. रिपोर्टमधल्या शब्दांना महत्त्व येतं ते तुमची लक्षणं त्यांच्याशी जुळली तर. हातात मुंग्या किंवा कळ नसेल, बोटांची ताकद शाबूत असेल, तर ती फुगलेली गादी तुमच्या दुखण्याचं कारण असण्याची शक्यता कमी.

मग दुखतं काय? बहुतेक वेळा मणक्यांच्या मागचे छोटे सांधे, कवटीच्या बुडापासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हा स्नायू, आणि खांद्याचं पातं वर खेचणारा त्याच्याखालचा स्नायू. सात महिन्यांनंतर मूळ इजा सहसा शिल्लक नसते. शिल्लक राहतो तो मज्जासंस्थेचा हळवेपणा. अपुरी झोप आणि सततची काळजी तो वाढवतात. त्यात भीतीपोटी मान धरून ठेवली, वळायचं तर अख्खं अंग वळवलं, की स्नायू कमजोर होतात आणि पूर्वी सहज पेलणारं कामही दुखायला लागतं.

म्हणून आजपासून मान वळवायला लागा. डावीकडे, उजवीकडे, खाली, वर. ताण जाणवेल तिथपर्यंत, प्रत्येक दिशेला १० वेळा, दिवसातून तीन-चारदा. दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर जात नसेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपदावर येत असेल, तर काही बिघडत नाही. त्याहून जास्त झालं तर हालचाल निम्मी करा, पण बंद करू नका.

प्रश्न : वय ३८. तीन आठवड्यांपासून मानेतून कळ निघून अंगठ्यापर्यंत जाते, मुंग्या येतात. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. नस दबली असेल तर ऑपरेशन करावंच लागतं का?

उत्तर : हात डोक्यावर ठेवल्यावर आराम पडणं ही मानेतली नस दबल्याची चांगली खूण आहे, कारण तसं केल्याने नसेवरचा ताण सैल होतो. मानेत मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ. सहावी नस दबली की मुंग्या अंगठा आणि तर्जनीकडे जातात, सातवी दबली तर मधल्या बोटाकडे, आठवी दबली तर करंगळीकडे. तुमचं वर्णन सहाव्या नसेशी जुळतं. एक फरक मात्र तपासा. मुंग्यांनी रात्री जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, असं होत असेल तर नस मानेत नव्हे, मनगटात दबलेली असू शकते.

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. गादीचा बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं, नसेची सूज उतरते, आणि बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत चांगला फरक पडतो. तोवर मान मागे टाकून वर पाहणं आणि दुखऱ्या बाजूला कलवणं टाळा. या दोन हालचालींत नस बाहेर पडते ती फट अरुंद होते. झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी घ्या. साध्या वेदनाशामकांनी कळ थांबली नाही तर नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरांकडूनच घ्यावीत.

थांबायचं कधी नाही, हे जास्त महत्त्वाचं. हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल तर लगेच दाखवा. शर्टाचं बटण लावताना बोटं अडखळणं, अक्षर बिघडणं, चालताना पाय जड पडणं किंवा तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ही लक्षणं एका नसेची नाहीत; तिथे मज्जारज्जूच दाबला जातोय. त्यात गेलेली ताकद पूर्ण परत येईल याची खात्री नसते. अशा वेळी व्यायामात एकही आठवडा घालवू नका. ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी झालेला कर्करोग किंवा नुकताच पडल्या-आपटल्याचा मार यांच्या जोडीला मान दुखत असेल तरी तपासणी आधी.

प्रश्न : वय ५४, मधुमेह आहे. चार महिन्यांपासून डावा हात पाठीमागे जात नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. मानेचे व्यायाम केले, पण फरक शून्य.

उत्तर : फरक पडणार कसा? दुखणं मानेचं नाहीच. घरी करून बघा. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, दार उघडल्यासारखे. उजवा हात सहज उघडतो आणि डावा थोड्याच अंतरावर अडतो का? आता दुसऱ्या कुणाला तरी तो हळूच आणखी उघडायला सांगा. तरीही तिथेच अडत असेल, तर खांदा जखडला आहे, म्हणजे फ्रोझन शोल्डर. याउलट दुसऱ्याने हलवला तर हात पूर्ण जातो, पण स्वतः बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखतो, असं असेल तर बिघाड बहुधा खांद्याच्या स्नायूबंधांत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांत असतो. त्याचा उपचार वेगळा.

जखडलेल्या खांद्यात सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळतं. मधुमेहींमध्ये हे जास्त आढळतं आणि हटायलाही जास्त वेळ घेतं. आधी दुखण्याचा काळ, मग जखडण्याचा, मग सुटण्याचा. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. हे आधीच कळलं तर दर महिन्याला डॉक्टर बदलायची वेळ येत नाही. संधिवाताची झीज नाही ना, हे पाहायला एक साधा एक्स-रे पुरतो.

दुखण्याच्या काळात सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन घेतल्याने काही आठवडे चांगला आराम पडतो आणि तेवढ्यात हालचाल वाढवता येते. तुमच्यासाठी एक खबरदारी : त्यानंतर काही दिवस रक्तातली साखर वाढते. इंजेक्शनच्या आधी ती आटोक्यात आहे का बघा, आणि नंतर आठवडाभर रोज मोजा.

व्यायाम तीन पुरेत. कमरेतून वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा एक-दोन मिनिटं झुलवायचा. दोन्ही हातांत काठी धरून, कोपर अंगाशी ठेवून, चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलायचा. ५ ते १० सेकंद थांबायचं, असं १० वेळा. आणि भिंतीवर बोटांनी चालत हात वर न्यायचा. आधी १० मिनिटं शेक घेतला तर सोपं जातं. जोर लावून खांदा मोकळा करून देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. दुखण्याच्या काळात ताणाताणी केली की खांदा आणखी चिडतो.

प्रश्न : वय २९. दिवसाचे नऊ तास लॅपटॉपवर. संध्याकाळी खांदे दगडासारखे होतात. खुर्ची बदलली, मसाज केला, दोन दिवसांनी पुन्हा तेच. नेमके कोणते व्यायाम करू?

उत्तर : लॅपटॉपची मूळ अडचण म्हणजे पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात उचलले जातात, हात खाली ठेवले तर मान वाकते. लॅपटॉप उंचावर ठेवून कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्या. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर ५० ते ७० सेंटिमीटर. चष्म्याला दूरचा आणि जवळचा असे दोन नंबर असतील तर पडदा याहून खाली हवा. नाहीतर खालच्या काचेतून बघायला दिवसभर हनुवटी वर उचलावी लागते.

हात टेकवायला विसरू नका. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के असतं, ६० किलोच्या माणसाचा हात तीन किलोंचा. कोपराखालचा भाग टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकला नाही, तर ते ओझं खांद्याचे स्नायू दिवसभर तोलत बसतात. खांदे दगड होतात ते यानेच. आणि कितीही चांगली बैठक असली तरी दर अर्ध्या तासाने मोडा.

मसाजचा आराम खरा असतो, पण स्नायू त्याने बळकट होत नाही. त्यासाठी वजन द्यावं लागतं. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात दुखऱ्या मान-खांद्याच्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांपैकी दोन तृतीयांश जणांना रबरी दोरीचा एकच व्यायाम १० आठवडे दिला होता. रोज दोन मिनिटं करणाऱ्यांचंही दुखणं कमी झालं. दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभे राहा, टोकं हातांत घ्या, कोपरं किंचित वाकलेली. हात बाजूने, जरासे पुढच्या दिशेला, खांद्याच्या उंचीपर्यंत न्या आणि सावकाश खाली आणा. थकेपर्यंत, जास्तीत जास्त दोन मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. इथे चुकतं ते असं : हात वर जाताना खांदेही कानाकडे जातात. तसं झालं तर दोरी जड आहे, हलकी घ्या.

दुसरा व्यायाम मानेच्या आतल्या स्नायूंसाठी. उताणे झोपा, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी. ‘हो’ म्हणताना मान हलते तेवढीच हनुवटी गळ्याकडे आणा, डोकं उचलू नका. १० सेकंद धरा, १० वेळा करा. दोन बोटं गळ्याच्या बाजूच्या जाड स्नायूवर ठेवा. तो दोरीसारखा ताठ झाला तर जोर जास्त लागतोय. हा व्यायाम दिसायला अगदी किरकोळ वाटतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात सोडला जातो. फरक जाणवायला सहा आठवडे द्या.

प्रश्न : मानेला पट्टा किती दिवस लावावा? आणि उशीशिवाय झोपावं का?

उत्तर : जुनाट दुखण्यात पट्टा नको. नस दबून तीव्र कळ असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस, तेवढाच. आठवडेच्या आठवडे लावला की स्नायू काम करायचे विसरतात. उशी काढून टाकायची गरज नाही. कुशीवर झोपत असाल तर कान आणि गादी यांच्यातलं खांद्याएवढं अंतर भरेल अशी घ्या, उताणे झोपत असाल तर पातळ. पालथं झोपणं सोडा, त्यात मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते.

प्रश्न : वय ५८. जिना चढताना डावा खांदा आणि मान दुखते, थांबलं की दोन मिनिटांत जाते. कोणता मलम लावू?

उत्तर : मलम लावू नका, व्यायामही सुरू करू नका. मान किंवा खांद्याचं दुखणं त्या सांध्याच्या हालचालीने वाढतं. तुमचं श्रमाने येतं आणि थांबल्यावर जातं. हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा असंच दुखतं. आजच डॉक्टरांकडे जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या. सुरुवात ईसीजीने होईल, पण बसल्या जागी काढलेला ईसीजी ठीक आला म्हणून तिथेच थांबू नका. श्रमाची चाचणी लागेल का, हे विचारा. आणि बसल्या जागीच तसं दुखायला लागलं, घाम फुटला, दम लागला किंवा जबड्याकडे कळ गेली, तर तातडीच्या विभागात जा. गाडी स्वतः चालवू नका.