काकांना ॲप जमत नाही, मग मी यूएक्समध्ये जाऊ का?

तू लिहिलंयस की तू थर्ड इयर कॉम्प्युटरला आहेस, सिंहगड रोडच्या तुमच्या सोसायटीसाठी मेंटेनन्सचं ॲप बनवलंस, सगळे ऑप्शन्स मेनूत आहेत तरी सेक्रेटरी काका दर वेळी फोन करून विचारतात "आता काय दाबू?" आणि तुला आता कोडिंगपेक्षा हाच प्रश्न जास्त सतावतोय, पण ड्रॉइंग येत नाही म्हणून यूएक्सची, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जावं अशी त्याची रचना करण्याच्या कामाची, भीती वाटते.

अरे, हा प्रश्न सतावतोय हीच तर या कामाची खरी सुरुवात आहे! काका ॲप तीन महिन्यांतून एकदा उघडणार, मागच्या वेळचं त्यांना काहीच आठवत नसणार, आणि तू मात्र ते रोज वापरणाऱ्या माणसासाठी बनवलंयस. मायक्रोसॉफ्टने मनी 2000 हे घरच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवताना नेमका हाच विचार केला होता, एका स्क्रीनवर एकच मुख्य काम आणि ते काम काय हे वर सरळ वाक्यात लिहिलेलं, म्हणजे स्क्रीन कशासाठी आहे हे माणसाला अंदाजाने ओळखावं लागत नाही. तुझ्याकडे वर "मेंटेनन्स मॅनेजमेंट" आणि खाली सहा बटणं असतील तर त्याऐवजी "कोणत्या फ्लॅटचे पैसे जमा झाले?" असं विचार, फ्लॅट निवडला की रक्कम आधीच भरलेली दिसू दे, शेवटी "नोंद झाली, पावती पाठवायची का?" बस. रोज वापरणाऱ्याला हे जरा संथ वाटेल, म्हणून त्याच्यासाठी शॉर्टकट वेगळा ठेव, पण काकांच्या वाटेत तो आणू नकोस.

आता या रविवारी काकांशेजारी बस आणि काही सांगू नकोस, फक्त बघ. बोट कुठे अडतं, कुठला शब्द ते दोनदा वाचतात, बॅक कधी दाबतात, ते लिहून ठेव. पोर्टफोलिओत हेच घाल, आधीची स्क्रीन, कुठे अडलं, काय बदललं. नुसत्या चकचकीत स्क्रीन्स ढिगाने येतात, त्यातून तू विचार कसा करतोस ते कळत नाही.

कोडिंग सोडू नकोस, प्लीज. स्वतः बनवून दाखवणारा डिझायनर टीमला हवाच असतो, आणि फ्रंटएंडच्या, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग कोड करण्याच्या, नोकरीतूनही इकडे येता येतं. एमडेस, म्हणजे डिझाइनमधली मास्टर्स डिग्री, करायचं मनात असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन स्कूलमध्ये इंटरॅक्शन डिझाइन आहे, त्यासाठी सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती फायनल इयरला देता येते. तिच्या पार्ट बीमध्ये स्केचिंग येतं, पण ते सरावाने जमतं, आत्तापासून रोज एक पान काढत जा.